खोटी लहर आणि आईचा दहीभात

मारेगाव, रविवार, दिवेलागण

लहर खोटी निघाली. न्यूट्रॉन तारा कृष्णविवरात विलीन होतानाची म्हणून जी गुरुत्वीय लहर आम्ही महिनोन्महिने तपासली, ती आमच्याच माणसांनी नोंदींत गुपचूप मिसळली होती. आम्ही ती पकडतो का, हे बघायला. दुपारी फोनवर त्यांनीच सांगितलं आम्हा सगळ्यांना. अशी परीक्षा होऊ शकते, हे मलाही ठाऊक होतं. मग एवढं का लागलं? माझ्या मार्गदर्शक सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणून.

आणि तो दहीभात! कापसाच्या पहिल्या वेच्याला आई शेतात सीतादही करते, दहीभाताचा नैवेद्य. यंदा तिने माझ्या लहरीच्या नावानंही नैवेद्य दाखवला. म्हणाली, "तुहा बी पयला वेचाच हाये." सर तेव्हा आमच्याकडे आलेले. तिने प्रसाद हातावर ठेवला. त्यांनी बोटं चाटून खाल्ला, माझी पाठ थोपटली.

आत्ता आईला सगळं सांगितलं. भाव नाही म्हणून घरातच पडलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून ती ऐकत होती.

"तुह्या सरले मालूम होतं?"

"हो. परीक्षा होती, आई."

"परीक्षा तुही होती. मंग माह्या हातचा दहीभात कायले खाल्ला त्याइनं?"