चुकलेली मिशी

सोमवार, ३ मार्च
वाट लागली! आमचं सॉफ्टवेअर पासपोर्ट फोटोचं बॅकग्राउंड पांढरं करतं — पण वेळ किती, गिऱ्हाईक चहा पिऊन येईपर्यंत! गंधाली मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी बोरिवलीचे स्टुडिओवाले बघायला येतायत. तोवर फास्ट कर, श्रुतिका. नाहीतर प्रोबेशन इथेच संपलं." बारावी नापासला दुसरीकडे कोण घेणार?

मंगळवार, ४ मार्च
सापडलं! सी शार्प, म्हणजे आमची प्रोग्रामिंगची भाषा, मेमरी स्वतः सांभाळतं, आपल्याला हात लावू देत नाही. पण 'अनसेफ' लिहिलं की पॉइंटर मिळतो — मेमरीतला थेट पत्ता. परवानगी मागत बसायचं नाही, घरात घुसून रंग मारायचा! प्रोग्राम सुसाट. झकास!
मग राहवेना. शेजारी अनिरुद्ध बसतो, सीनियर, पण चिडतो छान. त्याच पॉइंटरने त्याच्या फोटोला मिशी काढायची, असंही प्रोग्रामात लिहून ठेवलं. झुपकेदार.

बुधवार
टेस्टिंगला सगळ्या ऑफिसचे फोटो टाकले. अनिरुद्ध कोराच. मिशी मॅडमच्या गालावर!! आणि मॅडम माझ्या मागेच उभ्या. सरळ केबिनमध्ये निघून गेल्या. मेले.

गुरुवार
अनिरुद्ध आधी पोट धरून हसला, मग खुर्ची ओढून बसला.
"साफसफाई करताना सी शार्प मेमरीतलं सामान हलवतं गं. तू जुनाच पत्ता धरून बसलीस."
म्हणजे आमची कांदिवलीची बिल्डिंग! रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही गोरेगावला भाड्याने, कुरिअरवाला अजून जुन्याच गेटवर.
"पण हलू नये म्हणून 'फिक्स्ड' लिहिलंय ना रे!"
"ते कोडच्या त्या कंसापुरतं. कोर्टाचा स्टे समज. स्टे उठला की बिल्डर मोकळा. तू कंसाच्या बाहेर येऊन मिशी काढलीस."
मिशीच काय, पांढरा रंगपण मी बाहेरूनच मारत होते! तोही भलत्याच फोटोवर जायचा, पण पांढऱ्यावर पांढरा — आमच्या फोटोंत दिसलाच नाही. उद्या कुणा गिऱ्हाइकाच्या कपाळावर दिसला असता.
सगळं कंसात घेतलं. केबिनमध्ये जाऊन सांगून टाकलं, "मॅडम, मिशी मुद्दाम होती. तुमच्या गालावर गेली ती चूक."
"मुद्दाम काय ते कळलं मला. पुसून टाक ती."
काढली.

शुक्रवार
स्टुडिओवाले नाना आले. चहा ओठाला लावतात तोवर — "अरे, झालं पण?" सगळे फोटो नीट. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बस, एवढंच. नोकरी राहिली की गेली, कळेना.

सोमवार, १० मार्च
टेबलावर नवीन आयकार्ड. माझं नाव, खाली 'कायम कर्मचारी'. आणि फोटोत मला मिशी — बरोबर नाकाखाली! अनिरुद्ध आईची शपथ घेतोय, त्याने नाही काढली. मॅडमच्या केबिनचं दार बंद. आतून कुणीतरी हसतंय.