तू पाठवलेलं निळं झबलं

नाशिक, ११ ऑगस्ट १९९८

ती. आईस,
मोहिनीचा नमस्कार. आधी एक गंभीर तक्रार. वॉर्डातला पंखा डॉक्टर आले की फिरतो आणि ते गेले की थांबतो. रोग्यांना वाऱ्याची सवय लागू नये, असा उदात्त हेतू असावा.

तृप्ती बरी आहे. तुझ्या नातीला कमरेपासून खाली प्लॅस्टर आहे, पाय फाकवलेले. डॉक्टर म्हणाले, खुब्याचा सांधा जन्मापासून सैल, उशिरा आणलंत. आपण मात्र वर्षभर 'बदकासारखी गोड चालते' म्हणत होतो. प्लॅस्टर सांभाळायचं कसं, हे विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेपाशी पोचले होते.

ते सांगितलं शेजारच्या खाटेवरच्या, हरसूलच्या नवसाबाईने. तृप्तीला प्लॅस्टर घातलं त्याच दिवशी तिच्या लेकाचं निघालं. "ओलं होऊ दिऊ नको बाई, लय कुजतं," म्हणाली, आणि प्लॅस्टरवरून घालता यावं म्हणून बाजूने उसवून नाड्या लावलेलं त्याचं झबलं देऊन गेली.

आई, बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यानेही सांधा बिघडतो म्हणे. तू मनाला लावून घेऊ नकोस, अख्खं नांदगाव तेच करतं. पण रूपालीवहिनीच्या बाळाचे पाय मोकळे राहू देत, आणि त्याचे खुबे लवकर डॉक्टरांना दाखवा. तृप्ती नीट चालेल ना, हे मी अजून विचारलेलं नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

काल शेजारच्या खाटेवर पेठची एक बाई असंच प्लॅस्टर घातलेल्या लेकीला घेऊन आली. तिलाही कोणी काही सांगितलेलं नाही. तू पाठवलेलं निळं झबलं मी बाजूने उसवलं, नाड्या लावल्या आणि ती बाई झोपल्यावर तिच्या उशाशी ठेवलं.

तुझीच,
मोहिनी