कुरळ्या कबुतराची जात

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या एका जागी न टिकणाऱ्या भाचीचा वाकून नमस्कार (खरंच वाकले आहे, कागद मांडीवर आहे आणि बस खड्ड्यांतून चाललीय). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला?

मी मजेत आहे, म्हणजे परवापर्यंत होते. बेकरी सोडल्याचं तुला कळवलंच होतं (का सोडली ती वेगळीच गंमत, पण ती आत्ता नको, मूळ गोष्ट राहून जाईल). त्यानंतर कबुतरं पाळणाऱ्या एका मालकांकडे लागले. गच्चीवर जाळीची खुराडी, आणि माझं काम दाणे टाकायचं, पाणी बदलायचं, घाण खरवडायचं. मालक जातिवंत कबुतरं विकतात, त्यामुळे पिसांत जरा डावंउजवं दिसलं की पिल्लू 'काढून टाकतात'. म्हणजे काय, असं मी विचारलं तर त्यांनी नुसती मूठ पिळून दाखवली.

तर एका साध्यासुध्या जोडीला पिल्लू झालं ते थेट कुरळ्या पिसांचं, जणू पार्लरमधून आलंय. मालक म्हणाले, हा बिघाड आहे, वंशात नको. तेवढ्यात त्यांचे व्याही आले. हे निवृत्त जीवशास्त्राचे मास्तर, आणि मालकांची लेक त्यांच्याच घरी दिलेली, म्हणजे मोकळेपणी भांडायची सोय नाही. मास्तर म्हणाले, थांबा, हे जनुकातलं उत्परिवर्तन, नव्या जाती अशाच सुरू होतात. मालकांनी हात जोडले, "आपलं चुकतंय असं मी मेलो तरी म्हणणार नाही, पण घड्याळ पडलं तर त्याचा रेडिओ होतो का?" मास्तरांनीही हात जोडले, "आपल्यासारख्या जाणत्याला मी काय सांगणार, पण घड्याळ अंडी घालत नाही." मला दोन्ही पटलं. मला नेहमीच दोन्ही पटतं (शाळेत 'चूक की बरोबर'मध्ये मी दोन्हीकडे खुणा करायचे, आठवतं?).

शेवटी ठरलं की कुरळं मोठं झालं की साध्या मादीशी जोडी लावायची. पिल्लं झाली तर जात एकच, नाही झाली तर वेगळी. तोवर मूठ पिळणं बंद. वेळ आल्यावर मालकांनी मान चाचपून 'हा नर' असा निकाल दिला (या बाबतीत आपला हात चुकत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात). अंडी आली, दोघं निष्ठेनं बसली, पण एकही फुटलं नाही. मी ती टाकून दिली.

इथून घोळ. मालक नमले, "आपलंच खरं, ही नवी जात." व्याह्यांना नमावं लागलं म्हणून मास्तर कासावीस. म्हणाले, "छे छे, एका बिघाडानं कुठे जात होते? त्याला पिढ्यान्‌पिढ्या जाव्या लागतात. आपलंच खरं." दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच वाद, फक्त उलट्या बाजूंनी. चहा नेला की कोण कुठल्या पक्षात, तेच मला कळेना.

परवा पुन्हा अंडी आली आणि मी सहज म्हटलं, या खेपेलाही चारच. मालकांचा कप हवेतच राहिला. कबुतरी एका वेळी दोनच अंडी घालते, मावशी. म्हणजे घरट्यात नर नव्हताच, दोघी माद्या होत्या!

मालकांचे कान लाल झाले. "बिघाड तो बिघाड, उद्या काढून टाकतो." मी मास्तरांकडे पाहिलं. पण ते सौजन्याच्या भरात आधीच बिघाडाच्या बाजूला जाऊन बसलेले. म्हणाले, "आपण म्हणाल तसं." कुरळीच्या बाजूनं गच्चीवर मी एकटीच उरले, आणि माझं तर तुला माहीतच आहे. पण ती माझ्या तळहातावरचे दाणे खाते गं. मी म्हटलं, मी नेते हिला. मालक म्हणाले, "ने. आणि तूही जा."

लोभ आहेच, तो जरा वाढव.

तुझी
भिंगरी

ता. क. : ही बस तुझ्याच गावची आहे. पत्र पोचेल तेव्हा मी दारात असेनच, पण आधी कळवलेलं बरं. मागची खोली रिकामी कर आणि खिडक्या लावून घे. ती सुटली की थेट मालकांच्या गच्चीवर जाईल, आणि तिथे मूठ तयार आहे.

ता. क. २ : एकटी झुरू नये म्हणून तिची मैत्रीणही मागून घेतली. दोघी माद्या, तेव्हा पिल्लांची भीती नाही.

ता. क. ३ : मैत्रीण मी घाईत उचलली. आत्ता खोक्याच्या भोकातून पाहिलं, तर ती नरासारखी मान फुगवून कुरळीपुढे घुमतेय. अंडी फुटली तर मास्तरांना कळवू नकोस. नाही फुटली तर मुळीच कळवू नकोस.