शेवटचे दोनशे मीटर

२ मार्च. लाँदेर्नो.
चौतीस म्हणजे सायकल-शर्यतीतल्या स्प्रिंटरचं ऐन तारुण्य. तीन वर्षांत एकही शर्यत जिंकलो नाही, ती निव्वळ विश्रांती. या मोसमात किमान सहा. संकल्प: सफरचंदाची दारू, सायडर, बंद. राग बंद.

३ मार्च.
एकच ग्लास. सोलेनच्या भावाचा वाढदिवस. बायकोच्या माहेरचा मान ठेवावा लागतो.

२१ मार्च.
पहिली शर्यत. शेवटच्या वळणावर एका बेल्जियन रेड्यानं कोपर मारलं. मी डोकं मारलं. हेल्मेटवर हेल्मेट, नारळ फुटल्यासारखा आवाज. तो कठड्यावर गेला, कठडा माझ्यावर आला. कॉलरबोन मोडलं. माझं. मांडीची साल गेली, आत खडी. पंचांनी मलाच बाद केलं. कॅमेरा चुकीच्या बाजूला होता.

२२ मार्च.
नर्सनं ब्रशनं खडी काढली. मी हूं की चूं केलं नाही. सोलेन म्हणते, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. दुसरं कोणी असेल.

१८ एप्रिल, सकाळी ७.
हाड सांधलं. आमच्या संघाचे मॅनेजर फेराँसाहेब म्हणाले, यानिग, यापुढे तू पुढे राहून वारा तोडायचा, शेवटी तुझ्या मागून बास्तियां सुटेल. बास्तियां! आठ वर्षं माझ्यापुढे वारा खाल्ला, शेवटच्या दोनशे मीटरला बाजूला झाला तो. माझ्या लग्नातला साक्षीदार. मी हो म्हटलं. साहेब माझी परीक्षा बघताहेत, दुसरं काय.

१९ एप्रिल.
सरावात एका गाडीवाल्यानं हॉर्न दिला. त्याचा आरसा फोडला. हा राग नव्हे. मनगटाचा व्यायाम.

९ मे.
बास्तियांला वाट करून देणारच होतो. शपथ. पण शेवटच्या पाचशे मीटरला पाय असे जिवंत झाले की ऐकेनात. तेवढ्यात बास्तियां डावीकडून वर आला. मी डावीकडे सरकलो. जरासं. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकात. साठचा वेग. पाठीमागे काड्या मोडल्यासारखा आवाज, मग शिव्या, मग किंकाळी. वळून बघितलं नाही. स्प्रिंटर बघत नसतो. समोर रस्ता मोकळा, रेषा माझी. हात वर केले.

१० मे.
पुन्हा बाद. जिंकलेली शर्यत हिसकावली. साहेबांनी घरी पाठवलं, एक शब्द न बोलता. फोन बंद, पेपर बंद. सोलेनही गप्प आहे. आदर असावा. बास्तियांचा जबडा तीन ठिकाणी मोडलाय, सहा दात गेले. तो समजून घेईल.

१३ मे. ब्रेस्ट, इस्पितळ.
बास्तियांचं तोंड तारेनं बांधलेलं. डोळ्यांच्या जागी दोन जांभळ्या फटी. त्याच्या बायकोनं मला बस म्हटलं नाही. मी म्हणालो, "अरे, जिंकायच्या नादात झालं. माझ्या जागी तूही तेच केलं असतंस."
त्यानं खुणेनं पाटी मागितली. लिहायला फार वेळ लागला.
"आठ जण चार मिनिटं आधीच पोचले होते. फेराँ कानातल्या रेडिओवर सांगत होता, जपून या, काही उरलं नाही."
साहेब ओरडत होते खरे. मला वाटलं, हुरूप देताहेत.
"मग तू वर कशाला आलास?" मी विचारलं.
पाटी पुसली. परत लिहिलं.
"तुला थांबवायला. नवव्या नंबरासाठी तुझ्याशिवाय कोणीच पळत नव्हतं."
त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती, रक्ताची. रुमाल काढून पुसायला वाकलो.
त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.