लाह्या अभयभाऊच घालेल

पारोळा,
भाद्रपद शुद्ध सप्तमी, शके १८९४

पूजनीय मांगीलालकाका यांना चंद्रकांताचा सविनय जयजिनेंद्र.

इकडे सर्व क्षेम आहे. आईची, आमच्या बाईची, अठाई नीट पार पडली. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहूनही ती आमच्यापेक्षा टवटवीत दिसत होती. नानांचा खोकला आहे तसाच आहे. पावसानं यंदा तोंड फिरवलं आहे, विहिरीचा तळ दिसतो. धुळ्याला काय परिस्थिती आहे? काकींच्या गुडघ्यांना आराम आहे का?

संवत्सरी झाली की आपल्याकडून सगळ्यांना क्षमापनेची पत्रं जातात. नानांची छापील कार्डं कालच टपालात पडली, त्यात तुमचंही आहे. हे पत्र माझं वेगळं. होणाऱ्या सुनेनं लग्नाआधी सासऱ्यांना पत्र लिहायची आपल्यात रीत नाही, हे मला ठाऊक आहे. नानांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही.

तर वर्षभरात माझ्याकडून मनानं, वाणीनं, कायेनं तुमचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. आखाजीला साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या धोतरावर आमरस सांडला, तो माझ्याच हातून. धक्का लागला असं मी म्हणाले होते, पण कुणाचाही धक्का लागला नव्हता. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं. तुमचे चिरंजीव फोटोत दिसतात तेवढे उंच नाहीत, असं मी मैत्रिणीला म्हणाले. त्याबद्दलही.

आता तुम्ही ज्या पत्राची वाट बघत आहात त्याच्याबद्दल.

काका, मी तुमचं भाषण ऐकलं आहे. तुम्हाला हे माहीत नसेल. जानेवारीत मी धुळ्याला मावशीकडे होते आणि ती मला विजयाच्या सभेला घेऊन गेली. तुम्ही विमानदलावर बोललात. चार जुन्या विमानांवर कराचीला सुरू झालेलं दल सत्तेचाळीस साली श्रीनगरला फौज कशी उतरवतं, बासष्टला लढाऊ विमानं जमिनीवरच राहिली त्याची हळहळ, पासष्टचं युद्ध, आणि मग ढाका. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माझ्या मनात आलं, दुकानदारांच्या आपल्या समाजात एक माणूस तरी असं बोलतो! पुढे पाचोऱ्याच्या मामांनी तुमच्या घरचं स्थळ आणलं तेव्हा मी मुलाचं नावसुद्धा विचारलं नाही, लगेच हो म्हटलं. होकार खरं तर तुमच्या भाषणाला होता.

त्या दिवशी अभयभाऊ दवाखान्यात होता, हाताला पट्टी बांधून.

मामांनी तुम्हाला सांगितलं होतं की मुलीचा भाऊ विमानातून डोंगरातल्या लोकांना धान्याची पोती टाकतो. तुम्ही खूष झालात. विमानदल तेही काम करतं, पण अभयभाऊनं ते कधी केलं नाही. मामांनी घातलेला हा गूळ, आणि मुलीचे वडील असून नाना गप्प राहिले. आषाढात भाऊ रजेवर आला आणि तुम्ही चिरंजीवांना घेऊन त्याला बघायला आलात. ओसरीवर बसून तुम्ही प्रेमानं विचारलंत, “बेटा, पोती टाकता टाकता बोटं कशी गेली?”

भाऊ म्हणाला, “काका, पोती नाहीत. मी विमानांना बॉम्ब चढवतो. एक घसरला, त्यात हात सापडला.”

तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवलात आणि चहा न घेता निघालात.

मग मामांकडून निरोप आला. लग्न मोडत नाही, पण हिंसेत बुडालेले हात मांडवात नकोत. फेऱ्यांच्या वेळी मुलीच्या ओंजळीत भावानं घालायच्या लाह्या चुलतभाऊ घालेल. आणि अभयकुमारानं यंदाच्या क्षमापनेत या कामाबद्दल लेखी क्षमा मागावी, म्हणजे समाजात तोंड दाखवायला जागा राहील. विमान एक घिरटी घालतं तेव्हा हवेतले किती वायुकाय जीव मरतात, याचाही हिशोब तुम्ही मामांना ऐकवलात म्हणे. सभेत हे जीव तुमच्या लक्षात आले नव्हते.

काका, तुमच्या भाषणातली विमानं आपोआप भरत नव्हती. सभेत तुम्ही ज्या वैमानिकांना हार घातलेत, त्यांच्या विमानांच्या पंखांखाली कुणीतरी ओणवं उभं होतं. भाऊनं कुणाचा जीव वाचवला वगैरे काही नाही. गोष्ट रंगवायची असती तर मलाही रंगवता आली असती. थंडीत हात बधिर झाले होते, बॉम्ब घसरला, दोन बोटं गेली. आता तो नव्या पोरांना तेच काम शिकवतो.

त्या बॉम्बखाली माणसं मेली असतील का? मेली असतील. हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं. आषाढात तो आला तेव्हा मी त्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला, “चंदे, संवत्सरीला मी पहिली क्षमा त्यांची मागतो. नावं माहीत नाहीत, पण मागतो. आणि पुन्हा ते चालून आले तर पुन्हा चढवीन.” ज्यांची क्षमा मागायची त्यांची तो मागतो, काका. तुमच्यावर त्यानं एकही बॉम्ब टाकलेला नाही. मग तुमची क्षमा कशाबद्दल? तुमच्या जिनिंगमध्ये कापसाबरोबर बोंडअळ्या भरडल्या जातात, त्यांच्याबद्दल तुमच्या एकाही कार्डात मी वाचलेलं नाही. तरी तुमच्या कापसाची गादी आम्ही नाकारली नाही.

राग कसला आला ते सांगते. नानांनी तुमची अट हात जोडून मान्य केली. आणि भाऊनंही केली! “माझ्यामुळे चंदाचं अडू नये,” असं नानांना लिहिलं, आणि मार्गशीर्षात लग्नाला रजा मिळत नाही अशी थाप मारली. ती रजा मंजूर झाल्याचं आषाढात त्यानंच पेढा खात मला सांगितलं होतं. सोबत तुमच्या नावानं वेगळा कागद होता. माझ्या कामाबद्दल मला क्षमा करावी, असं त्यात डाव्या हातानं लिहिलं होतं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं. नानांनी तो कागद तुमच्या कार्डाबरोबर पाकिटात घालायला माझ्याकडे दिला.

मी तो चुलीत घातला.

आधी चूल झटकली, लाकडात मुंगी नाही ना ते पाहिलं, मगच घातला. आमच्याकडे कामाला येणारी तानुबाई बघत होती. ती म्हणाली, “काय वं चंदाबाई, भाऊना कागद बठ्ठा जाळी टाका?”

“बठ्ठा, सगळा,” मी म्हटलं.

“बरं कयं,” म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तेवढा एकच आशीर्वाद आजवर मला मिळाला आहे. नानांना मी हे पत्र टपालात टाकून आल्यावर सांगणार आहे. ते रडतील, बाई बोलणं टाकेल. मला भीती वाटत नाही असं नाही. माझं वय एकवीस आहे आणि मोडलेल्या साखरपुड्याची मुलगी पारोळ्यात कशी जगते ते मी शेजारच्याच घरात रोज बघते.

तरीही सांगते. माझ्या ओंजळीत लाह्या अभयभाऊच घालेल. चुलतभाऊ चांगला आहे, तो जेवायला येईल. भाऊ लाह्या घालील तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या फटीतून थोड्या खाली सांडतील. तुमच्याकडच्या बायका ते बघतील आणि अपशकुन म्हणतील. म्हणू द्या. तुमची खरी अडचण हीच होती, हिंसेची नव्हती, असं मला वाटतं. चुकत असेन तर कळवा.

हे पत्र तुमच्या चिरंजीवांना वाचून दाखवा. ओसरीवर ते पूर्ण वेळ आपल्या चपलांकडे बघत होते. त्यांना बोलता येतं की नाही, हे मला लग्नाआधी कळायला हवं.

सांडलेल्या लाह्या चालत असतील तर मार्गशीर्षात वरात घेऊन या. मी दारात उभी राहून तुम्हाला बाबूजी म्हणेन आणि जन्मभर म्हणत राहीन. चालत नसतील तर काकाच राहा, आणि पुढच्या संवत्सरीला मला फक्त छापील कार्ड पाठवा.

बाकी सगळ्या चुकांबद्दल पुन्हा एकदा मिच्छामि दुक्कडं. या पत्राबद्दल नाही.

अभयकुमारची बहीण,
चंद्रकांता