आठव्या खांबाचं कमळ

प्रिय दिव्यानी,

तुझं पुस्तक पोचलं. कुरियरवाल्याने बल्लारपुरात आमच्या गल्लीच्या तीन चकरा मारल्या म्हणे, पण पोचलं. कागद गुळगुळीत, फोटो झकास, आणि पहिल्या पानावर तुझ्या हातचं ‘माझ्या तहसीनला’. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे. अभिप्राय कळव म्हणालीस, म्हणून कळवते. गोड लागणार नाही.

ठेकेदार लाइनीतल्या एकूण एक बंगल्याची कुंडली मांडलीस तू. आलापल्लीचं सागवान उतरवून चंद्रपुरात कोण कोण गब्बर झालं, शेजाऱ्याला खाली पाहायला लावायचं म्हणून कोणी मजला चढवला, कोणाचं झुंबर कलकत्त्याच्या कुठल्या दुकानातून आलं, आता कुठल्या बंगल्यात दवाखाना आहे आणि कुठल्यात लग्नाचा हॉल, सगळं वाचलं. तुझ्या आजोबांच्या टांग्याच्या घोडीचं नाव राणी होतं, हेही कळलं. घोडीला नाव आहे, दिव्यानी. माझ्या अब्बांना नाही. दोनशे पानांत ‘कारागीर’ हा शब्द तीनदा आलाय, तोही नुसताच.

आणि मग पान एक्केचाळीस. तुमच्या व्हरांड्यातले आठ खांब. सातांच्या माथ्यावरचं कमळ परातीएवढं, आठव्याचं ताटलीएवढं. तू लिहितेस, इतक्या देखण्या वास्तूला दृष्ट लागू नये म्हणून आजोबांनी, श्रीहरीबापूंनी, ते मुद्दाम लहान ठेवायला लावलं. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि भांडी घासायला बसले. संताप आला की मला दुसरं काही सुचत नाही.

तुला खरं माहीत नसतं, तर मी गप्प बसले असते. सातवीत असताना त्याच व्हरांड्यात आपण बोरं खात बसलो होतो. बापू आरामखुर्चीत होते. मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक नव्हतं. काठीनं आठवा खांब दाखवून ते म्हणाले, ‘हे त्या हट्टी मिस्त्र्याचं काम. घराले लाज आणली त्यानं.’ तू हसलीस, कारण ते तुझे आजोबा होते. मीही हसले, कारण मला पुन्हा तुझ्या घरी यायचं होतं. जाताना फाटकापाशी मी तुला सांगितलं की तो मिस्त्री माझा बाप आहे, आणि काय घडलं तेही सगळं सांगितलं. कोणाला सांगणार नाही, अशी शपथ तू घेतलीस. ती मात्र चांगली पाळलीस.

विसरली असशील तर पुन्हा सांगते. आठवं लाकूड शेंड्याकडे निमुळतं निघालं. वास्तुशांतीची तारीख ठरलेली, दुसरं लाकूड मिळायला वेळ नव्हता. बापू म्हणाले, उलटं करून उभं कर, जाड बाजू वर येईल, कमळ बाकीच्यांएवढं होईल. अब्बा म्हणाले, ‘बापू, झाडाले डोक्यावर उभं नाई करत मी. बुंधा खाली, शेंडा वर. जंगलात होतं तसंच इथी राह्यलं पायजे.’ उस्तादांकडून शिकलेला तो नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. लाकडानं जेवढं दिलं तेवढं कमळ त्यांनी कोरलं. वास्तूच्या दिवशी गवंड्यांना, सुतारांना, पाणी भरणाऱ्या पोचूलासुद्धा शर्टाचं कापड आणि नारळ मिळाला. अब्बांना नाव घेऊन पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्यानंतर लाइनीतल्या एकाही घरानं त्यांना हाक मारली नाही. ज्या हातांनी ते खांब घडले, त्यांनी पुढची चाळीस वर्षं माजरी गावात खाटा ठोकल्या. बापूंबद्दल वाकडं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. विषय निघालाच तर म्हणायचे, ‘कमळ लहान आहे, खांब सरळ आहे.’

अब्बा आता पंच्याऐंशीचे आहेत. डोळ्यांना उजेड तेवढा कळतो. बापूच्या नातीनं पुस्तक लिहिलं म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, ‘मिस्त्र्याचं नाव हाय काय त्याच्यात?’ मी एक्केचाळिसावं पान उघडलं आणि वाचलं, ‘आठवा खांब कय्यूम मिस्त्रींचा. झाड उलटं करायचं नाही म्हणून त्यांनी कमळ लहान कोरलं.’ अब्बांनी ते तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी कापड आणवून त्यांनी शर्ट शिवायला टाकला. येत्या रविवारी तू लोकांना बंगला दाखवणार आहेस ना, तिथं त्यांना यायचं आहे. सकाळच्या गाडीनं मी त्यांना घेऊन येते आहे. ते खांबाला हात लावतील, पुस्तक तुझ्या हातात देतील आणि चारचौघांत म्हणतील, बाई, एक्केचाळिसावं पान वाचा. तेव्हा मी वाचलं तसंच वाच. जे नाही ते लिहायला तुला जमलं, वाचायलाही जमेल.

एकेकाळची तुझीच,
तहसीन