ताई, आज सांगून जातेय

ताई,

बाळाला थोपटता थोपटता तुमचाही डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. घाबरू नका. गोळ्यांचं विचारायला डॉक्टरीणबाईंकडे चाललेय, आज पहिल्यांदाच एकटी. काढलेलं दूध फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे.

मागच्या महिन्यात मी न सांगता निघून गेले, तेव्हा तुम्ही बाळाला खांद्यावर घेऊन बसस्टॉपपर्यंत आलात. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "याला घेऊ नकोस. नुसती बस." दोन बस गेल्या, तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, की हे बाळ मला परकं वाटतं. "असं म्हणणारी तू पहिली नाहीस," तुम्ही म्हणालात. "हा आजार आहे, बरा होतो. उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते." घरात सगळे 'थकवा आहे, जाईल' म्हणत होते. ह्यांनाही तुम्हीच समोर बसवून समजावलंत.

काल सासूबाईंनी तुमच्याबद्दल विचारलं, डूला म्हणजे दाईच ना? मी म्हटलं, दाई बाळंतपण करते, ही बाळंतिणीला सांभाळते. तर म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे होती मेली!" आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

हे सगळं तोंडावर बोलायला गेले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

तो उठला तर त्याला सांगा, आई पाचपर्यंत येते. स्वतःला आई म्हणायची ही माझी पहिलीच वेळ.